टेबलातली शहाबादी

(रंध्याचा आवाज. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाचा पट्टा.)

साखर पेठ, सोलापूर. सकाळचे साडेआठ वाजलेत आणि पत्रा आत्ताच तापलाय. मे महिना आहे. दुपारपर्यंत पारा ४२ ला टेकेल.

भिंतीला टेकून उभी आहे ती शहाबादी फरशी. कलबुर्गी सोडून गाडी वाडीकडे निघाली की शहाबाद लागतं, तिथला हा चुनखडीचा दगड. सोलापुरातल्या जुन्या घरांत पायाखाली बहुतेक हाच. ही फरशी ओसरीवरची. घर पाडलं, तेव्हा मालकीणबाईंनी एवढी एकच मागे ठेवली. आज ती सागवानी टेबलात बसणार आहे.

दुसऱ्यांदा.

पहिलं टेबल गेल्या पावसाळ्यात झालं होतं. खाचेत फरशी गच्च ठोकून बसवली, वर चारी कडांना एपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारा डिंक. दिवाळीत पाहुण्यांनी कौतुक केलं. मार्चअखेरीस एका रात्री काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. सकाळी बघतात तर खाचेच्या कोपऱ्यापासून टोकापर्यंत लाकूड चिरलेलं. फरशीवर ओरखडा नाही.

"दगड काय हालत नाही ओ," मिस्त्री सांगतात. "लाकूड हालतं."

सागवान पावसात ओल पितं, उन्हाळ्यात सोडतं. लाकडाच्या अंगातल्या रेषांच्या दिशेने लांबीत फरक पडतो तो नावापुरता. आडव्या अंगाला मात्र, ४५ सेंटीमीटर रुंदीत, दोन-तीन मिलिमीटर सहज. पावसाळ्यात कोरलेली खाच उन्हाळ्यात आवळते, दगड तसूभर मागे सरत नाही. तेव्हा चिरण्याची पाळी लाकडाची.

यंदा खाच मे महिन्यात कोरली, हे मिस्त्रींचं खरं डोकं. लाकूड आत्ताच सगळ्यात आवळलेलं आहे. आज रुपयाचं नाणं उभं सरकेल एवढी फट ठेवली, तर ती जुलैत रुंदावेल. याहून अरुंद फारशी होणार नाही. फट दोनच बाजूंना. रेषांच्या टोकाकडच्या दोन बाजू जवळजवळ भिडलेल्या.

(फरशीचं खडबडीत पोट. गेरूचा हात.)

फरशी वरून गुळगुळीत, खालून ओबडधोबड. तशीच ठेवली तर टेबलावर लंगडते. म्हणून पोटाला ओला गेरू फासून ती खाचेत टेकवायची आणि उचलायची. जिथे लाल डाग उमटला, तिथलं लाकूड पटाशीने खरवडायचं. पुन्हा गेरू, पुन्हा पटाशी. हे सकाळभर चालतं. चित्रीकरण करणाऱ्यांना कंटाळा आला, मिस्त्रींना नाही.

६० बाय ४५, जाडी अडीच सेंटीमीटर. वजन सतराएक किलो. निम्मं काम हे वजनच करतं. चिकटवायला सिलिकॉनचे पाच ठिपके, तेही मधल्या पट्ट्यात. ते रबरासारखे ताणतात. लाकूड दोन्हीकडे मोकळं राहतं. खाचेच्या तळाला दोन भोकं आहेत. कधी काढायची झाली, तर खालून रेटता येईल.

"फटीत शेंगाचटणी जाईल की," मालकीणबाई म्हणतात.

"ब्रश मारायचा, ताई. पण लिंबू तेवढं सांडू नका. दगडाची चकाकी जाते."

फरशी बसते. मिस्त्री खिशातून नाणं काढून फटीतून फिरवतात, एक बाजू, मग दुसरी. कुठे अडत नाही. ते ताईंच्या हातात ठेवतात.

"जुलैत परत फिरवून बघा. ढिलं लागंल."