जॉन रिचर्डसनचा बूट

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘व्हाइटचॅपलचे खून: संशयित कोण?’ म्हणजे १८८८ मध्ये लंडनमध्ये झालेली, ‘जॅक द रिपर’च्या नावानं ओळखली जाणारी खुनांची मालिका. त्याकडे येणारच आहे. पण आधी एका बुटाबद्दल बोलू द्या. त्या बुटानं मला कित्येक वर्षं छळलंय.

८ सप्टेंबर १८८८. लंडन, हॅनबरी स्ट्रीट, घर नंबर २९. सकाळी सहाच्या सुमारास मागच्या अंगणात अ‍ॅनी चॅपमन मृतावस्थेत सापडली. बिछान्याच्या भाड्याचे पैसे नव्हते म्हणून ही आजारी बाई रात्री दोनच्या आसपास लॉजिंग हाऊसमधून बाहेर पडली होती. साडेसहाला डॉ. फिलिप्स आले. अंगाचा गारवा आणि नुकती सुरू झालेली ताठरता पाहून त्यांनी सांगितलं, मृत्यू होऊन किमान दोन तास झाले, बहुधा जास्तच. म्हणजे साडेचारच्या आधी.

आणि पावणेपाचला त्याच अंगणाच्या पायरीवर जॉन रिचर्डसन बसला होता! तिथे घरमालकिणीसारखी वावरणाऱ्या एका भाडेकरू बाईचा हा मुलगा, बाजारात हमाली करणारा. तळघरात पूर्वी चोरी झाली होती, म्हणून कामावर जाताना कुलूप बघायला आला. बुटातलं चामडं बोटाला टोचत होतं, ते पायरीवर बसून सुरीनं कापलं. प्रेत तिथे असतं तर मला दिसलंच असतं, असं त्यानं कॉरोनरसमोर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, ठामपणे सांगितलं.

आता माझी तक्रार ऐका. त्या सकाळी इन्स्पेक्टर चँडलरला त्यानं बुटाचं काही सांगितलंच नव्हतं. बूट आणि सुरी चौकशीत पहिल्यांदा आली. सुरी आणायला त्याला घरी धाडलं, तर ती इतकी बोथट की शेवटी चामडं बाजारात दुसरी सुरी मागून घेऊन कापलं म्हणे. एवढ्यावरून अभ्यासक त्याला खोटारडा ठरवतात. अहो, सुरीनं खून झालाय, पोलीस समोर उभा आहे, अशा वेळी ‘मीही इथे सुरी घेऊन बसलो होतो’ हे कोण आपणहून सांगेल?

मी प्रयोग करून पाहिलाय. पायऱ्यांच्या एका दारात बसलो, डाव्या हाताला गुंडाळलेली गादी ठेवली आणि बुटाकडे वाकलो. दार मोकळं सोडलं की गादी सरळ दिसते. बाहेर उघडणारं दार खांद्यावर रेललं की तिचं नुसतं टोक दिसतं. तरी माझा कल रिचर्डसनकडेच आहे, कारण उठताना दार सरकतंच.

जरा थांबूया. आत येताना दारावर ज्यांनी तुमचं स्वागत केलं, त्यांना चष्मा होता का? होता म्हणणारे हात वर करा. आता नव्हता म्हणणारे. बघा, दोन्हीकडे हात भरपूर! आणि तुम्ही त्यांना चांगल्या उजेडात पाहिलंय. मागे वळू नका, ते तिथेच उभे आहेत.

रस्त्यानं जाणाऱ्या एलिझाबेथ लाँगनं साडेपाचला चॅपमनला एका पुरुषाशी बोलताना पाहिलं. त्याचा चेहरा दिसला नाही, पाठ दिसली. तरी तो परदेशी वाटला, चाळिशी उलटलेला वाटला. शेजारच्या अंगणातल्या कॅडॉशनं ‘नाही’ असा आवाज ऐकला, मग कुंपणावर काहीतरी आदळल्याचा. पण हे त्यानं ऐकलं ते साडेपाचच्या आधी. म्हणजे दोघांपैकी एकाचं घड्याळ चुकतंय, किंवा एकाची बाई वेगळी आहे. कॉरोनर बॅक्स्टरनं डॉक्टरांऐवजी या लोकांना जवळ केलं. डॉक्टरांनीही थंड हवा आणि रक्तस्राव यांमुळे शरीर लवकर गार पडलं असेल, अशी पुस्ती जोडली होतीच.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिली आहेत. तर संशयित.

मॅकनॉटन या पोलीस अधिकाऱ्यानं १८९४ मध्ये तीन नावं लिहून ठेवली. हा गृहस्थ पोलिसात आला तोच १८८९ मध्ये. त्यातल्या ड्रुइटला तो ४१ वर्षांचा डॉक्टर म्हणतो. ड्रुइट ३१ वर्षांचा बॅरिस्टर आणि शिक्षक होता. दुसरा ऑस्ट्रॉग, तो खुनांच्या वेळी फ्रान्समध्ये कैदेत होता. तो गेलाच यादीतून.

उरला कॉस्मिन्स्की. एका साक्षीदारानं संशयिताला ओळखलं, पण साक्ष द्यायला नकार दिला, असं अँडरसन या पोलीस अधिकाऱ्यानं १९१० मध्ये आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलं. तपासातल्या स्वॉन्सन या अधिकाऱ्यानं त्याच पुस्तकाच्या समासात कॉस्मिन्स्की हे नाव टिपलं आणि तो लवकरच वारला असंही लिहिलं. अ‍ॅरन कॉस्मिन्स्की वारला १९१९ मध्ये! आणि तो साक्षीदार कोण? अनेकांच्या मते लॉवेंडे. मायटर स्क्वेअरजवळ त्यानं एक जोडपं पाहिलं, दहा मिनिटांत याच मालिकेतल्या कॅथरिन एडोजचं प्रेत सापडलं. पण त्या माणसाला पुन्हा ओळखेन असं वाटत नाही, हे त्यानं तेव्हाच, ताज्या आठवणीवर, सांगितलं होतं. मी ती साक्ष धरतो. म्हणून कॉस्मिन्स्कीवरची ओळख मला मान्य नाही, आणि ती वगळली तर त्याच्याविरुद्ध फारच थोडं उरतं.

श्वार्ट्झ राहिलाच. याच मालिकेतल्या एलिझाबेथ स्ट्राइडवर हल्ला होताना पाहिल्याचं त्यानं पोलिसांना सांगितलं, पण चौकशीत त्याची साक्ष झालीच नाही. प्रश्नोत्तरांत कुणीतरी त्याच्याबद्दल जरूर विचारा.