आवाज चढला म्हणजे राग आला का?

श्रोतेहो, नमस्कार.

फोनवर बोलणारा माणूस चिडलाय की खुशीत आहे, हे नुसत्या आवाजावरून सांगणाऱ्या संगणक प्रणाली आता कॉल सेंटरमध्येही वापरतात. शब्द कळायची त्यांना गरज नसते. आवाजाचे वीस-पंचवीस मिलिसेकंदांचे तुकडे पाडायचे, प्रत्येकातली पट्टी आणि जोर मोजायचा, बोलण्याचा वेग पाहायचा, आणि हजारो नमुन्यांवरून शिकायचं. माणूस तापलाय की निवांत, हे त्यातून बऱ्यापैकी कळतं. घोळ होतो तो पुढे. राग आणि आनंद, दोन्हींत आवाज चढतोच!

आता खानदेशात, अमळनेरच्या एसटी स्टँडवर दोन जुने दोस्त भेटतात. अहिराणीत हाक येते, "काय रे भो, कोठे मरी गयथा इतला दिन?" पार पलीकडच्या फलाटावरचा माणूस वळून पाहतो. परगावच्याला वाटतं, आता जुंपणार. ते दोघं मात्र चहाच्या टपरीकडे निघालेले असतात. यंत्र इथे बेधडक 'राग' लिहून मोकळं होईल. उलट घरात खरंच बिनसलं की आई हळूच म्हणते, "राहू दे, मी करते." त्यावर शिक्का पडेल 'शांत'. ऐकणाऱ्या पोरांना विचारा, किती शांत ते!

याचं कारण यंत्राच्या शिकवणीत आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेला बर्लिनचा ध्वनिसंग्रह या क्षेत्रात फार वापरला जातो. त्यात दहा कलाकार, ठरवून दिलेली दहा जर्मन वाक्यं आणि सात भाव. रॅव्हडेस नावाच्या संग्रहातले चोवीस कलाकारही उत्तर अमेरिकी धाटणीचं इंग्रजी बोलतात. नटाचा राग कसा, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा.

माणसांचंही तसंच होतं म्हणा. मानसशास्त्रज्ञ क्लाउस शेरर आणि सहकाऱ्यांनी जर्मन नटांचे अर्थहीन शब्दांतले आवाज नऊ देशांत ऐकवले होते. २००१ च्या त्यांच्या निबंधात जर्मन श्रोत्यांची उत्तरं ७४ टक्के बरोबर आली, इंडोनेशियातली ५२ टक्के. म्हणजे भाव परक्यालाही कळतो, पण घरच्याइतका नाही.

म्हणून अहिराणीसाठी यंत्र करायचं तर नट नकोत. बाजार समितीतलं, ओट्यावरचं, आखाजीच्या झोक्याजवळचं बोलणं, अर्थात त्या माणसांना विचारूनच, ध्वनिमुद्रित करावं. आणि कुठलं वाक्य रागाचं, कुठलं मायेचं, हे ठरवायला पुण्याच्या कचेरीतला मुलगा न बसवता धुळ्याची एखादी मावशी बसवावी. तिचं नि शेजारणीचं मत जुळलं नाही, तर तेही लिहून ठेवावं.