सहा नंबरची ओव्हर

(पडद्यावर: नर्सिंग स्टेशन. भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ. ओव्हरची लांब वही, ओळींवरून फिरणारं सिस्टरचं बोट. आधी प्रत्यक्ष आवाज, मग निवेदन.)

“सहा नंबर. बाबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. सकाळचं इन्सुलिन दिलंय. मुलगा गुपचूप बिस्किटं देतो, तेवढं बघा. सात नंबर. रात्री दोनदा उलटी झाली, सलाईन चालू आहे. पेशंट घाबरलीय, तिच्या आईला जवळ बसू द्या.”

निवेदन:

नाईटची सिस्टर मॉर्निंगच्या सिस्टरला ओव्हर देतेय, म्हणजे ड्युटी बदलताना प्रत्येक पेशंटची माहिती सोपवतेय. दिवसातून तीनदा हे होतं. इन्सुलिन, सलाईन, ताप, लघवीचं माप हे चार्टवर असतंच. उजवीकडून बोला, हे मात्र चार्टवर लिहायला जागा नसते. ते असं तोंडी पुढे जातं.

नाशिकमध्ये मुंबई नाक्याच्या मागच्या गल्लीतला हा २२ खाटांचा दवाखाना. आज दुपारपर्यंत इथले सगळे पेशंट हलवायचे आहेत. त्यानंतर ही वही लागणार नाही.

(पडद्यावर: शिडी. दोन माणसं बोर्ड उतरवतात. भिंतीवर बोर्डाच्या मापाचा पिवळा चौकोन.)

भिंत पावसानं काळवंडली, पण बोर्डामागचा रंग पहिल्या दिवशी लावला तसाच राहिला. शहरातल्याच एका मोठ्या हॉस्पिटल समूहानं हा दवाखाना घेतलाय. कागदावर शब्द आहे विलीनीकरण. इथल्या मावशी म्हणतात, “आम्ही तिकडे चाललो.” तिकडे म्हणजे पाच किलोमीटरवरच्या सात मजली इमारतीत. इथे यापुढे ओपीडी, रक्ताच्या तपासण्या आणि औषधांचं दुकान. रात्री कुलूप.

(पडद्यावर: जिना. भिंतीवरून वर गेलेली तार. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात जुनी बेल.)

ही तार बघा. वॉर्डात बटण दाबलं की बेल वर, स्वयंपाकघरात वाजते. नाशिकमधले कितीतरी दवाखाने याच पद्धतीनं उभे राहिले. गंगापूर रोड, कॉलेज रोड, पंचवटी, नाशिकरोड. खाली ओपीडी, मधे वॉर्ड, वर डॉक्टरांचं घर. इथे डॉक्टर सर्जन, मॅडम स्त्रीरोगतज्ज्ञ. इथल्या सर्वांत जुन्या सिस्टर सांगतात, तव्यावरची पोळी तशीच टाकून मॅडम खाली यायच्या, आणि बाळंतपण उरकून वर जाईपर्यंत पोळीचा कोळसा झालेला असायचा.

(पडद्यावर: उधारीची वही. नावांवर कागदाची पट्टी धरलेली.)

ही दुसरी वही. दिंडोरी आणि निफाडचे द्राक्ष बागायतदार, त्यांच्याकडे कामाला येणारी पेठ-सुरगाण्याची माणसं, असे इथले पेशंट. ऑक्टोबरला गोडी छाटणी झाली की पैसा सगळा बागेत. मजुरी, औषधं, फवारण्या. हातात काही यायचं ते माल तुटल्यावर. म्हणून एकेका नावापुढे मॅडमच्या अक्षरात तीन शब्द आहेत, ‘माल निघाल्यावर देणार’. बहुतेक ओळींवर नंतर काट मारलेली आहे, म्हणजे पैसे आले. काही ओळींवर नाही. त्यांच्याबद्दल विचारलं तर मॅडम फक्त पान उलटतात.

मग हे का सोडलं?

(पडद्यावर: अरुंद जिना. स्ट्रेचर तिरकं करून उतरवणारे दोघे वॉर्डबॉय.)

एक कारण हा जिना. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग जळाला. मग राज्यभर फायर ऑडिट कडक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण बंगल्याचा दवाखाना केला की बाहेर पडायला दुसरा जिना काढायचा कुठून? एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला गल्ली. डॉक्टरांनी तीन वेगवेगळे नकाशे काढून घेतले. एकही बसला नाही.

दुसरं कारण कॅशलेस, म्हणजे बिल थेट विमा कंपनीनं भरायचं. हल्ली पेशंट आत येतानाच विचारतो, माझं कार्ड चालतं का? मोठा समूह विमा कंपनीशी सगळ्या शाखांचे दर समोरासमोर बसून ठरवतो. २२ खाटांच्या दवाखान्याला दरपत्रक येतं, त्यावर सही करायची किंवा नाही करायची. इतकंच हातात असतं. त्यात रात्रीसाठी आरएमओ, म्हणजे दवाखान्यात मुक्कामी राहणारा डॉक्टर, मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. डॉक्टर सत्तरीला आलेत. मुलगी डॉक्टर आहे, पण रात्रीअपरात्री वाजणारी ती बेल तिला नको आहे. लहानपणभर तिनं ती ऐकलीय.

(पडद्यावर: हिरवे आणि लाल स्टिकर. ऑटोक्लेव्ह, ड्रम, बाळंतपणाचं टेबल, सलाईनचे स्टँड.)

हिरवा स्टिकर म्हणजे तिकडे जाणार. लाल म्हणजे भंगार. आठ दिवस हे काम चाललं. समूहाचे दोन इंजिनिअर प्रत्येक वस्तूजवळ थांबून यादी करत होते. मॉनिटर हिरवा. सक्शन मशीन हिरवं. हे बाळंतपणाचं टेबल लाल. ज्या मावशींनी ते रोज पुसलं, त्यांनी आम्हाला ते शेवटचं पुसतानाही चित्रीकरण करू दिलं.

(पडद्यावर: टेबल स्वच्छ करणाऱ्या मावशी. निवेदन नाही. पंधरा सेकंद.)

(पडद्यावर: अँब्युलन्स. सहा नंबरचे बाबा. मुलाच्या हातात कापडी पिशवी. मुंबई नाक्याचा चौक.)

बाबा निघाले. तिकडच्या सोयी खऱ्या आहेत. इथे हृदयाचा इको करायचा तर बाहेरून तज्ज्ञ बोलवावा लागे, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी. बाबांचा इको तिकडे त्याच संध्याकाळी झाला. सिटी स्कॅन मध्यरात्रीही चालू. अतिदक्षता विभागाचा डॉक्टर चोवीस तास जागेवर. हार्ट अटॅकचा पेशंट या गल्लीपेक्षा त्या इमारतीत सुरक्षित आहे, हे डॉक्टर स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगतात.

सेवा एकत्र आणल्यानं जीव वाचतात, याचं सर्वांत ठळक उदाहरण लंडनचं. २०१० मध्ये तिथे पक्षाघाताचे तातडीचे उपचार शहरभर विखुरलेल्या रुग्णालयांतून काढून ८ केंद्रांत आणले. मृत्यू कमी झाले, पेशंट लवकर घरी गेले. पण त्यात मालक कोण, हा प्रश्नच नव्हता. अँब्युलन्सनं पेशंटला कुठे न्यायचं आणि किती वेळात न्यायचं, ते आधी ठरवलं होतं. पेठ-सुरगाण्याहून निघालेल्या गाडीसाठी असं कुणी ठरवलेलं नाही. आधी मुंबई नाका गाठायचा, आता त्याच्याही पुढे जायचं.

(पडद्यावर: नियुक्तीपत्र. नाव आणि सही झाकलेली. रुजू होण्याची तारीख मोठी दिसते.)

सिस्टरला मिळालेलं हे पत्र. तारीख वाचा. अकरा वर्षं इथे काम केलं, पण रुजू तारीख आजची. ग्रॅच्युइटीची सलग सेवा आजपासून मोजायची का, याचं उत्तर पत्रात नाही. पगार होता तेवढाच. आता हे ऐका. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१६ मध्ये केंद्राच्या समितीनं खासगी नर्सच्या पगाराबद्दल शिफारशी केल्या. ५० पेक्षा कमी खाटा असतील तर किमान २०,००० रुपये. २०० पेक्षा जास्त असतील तर सरकारी नर्सइतका पगार. खाटा वाढल्या, की पगार वाढला पाहिजे. या सिस्टर २२ खाटांवरून २०० च्या वरच्या हॉस्पिटलात गेल्या. ती शिफारस कागदावर राहिली, त्यांचा पगारही जागेवर राहिला. मावशी आणि वॉर्डबॉय तर आता हॉस्पिटलचे उरलेच नाहीत, ते कंत्राटदाराचे झाले.

(पडद्यावर: सात मजली इमारत बाहेरून. गेटजवळचा चहावाला. ड्युटी संपवून आलेली सिस्टर, पाठमोरी.)

तिकडच्या वॉर्डात आम्हाला कॅमेरा नेता आला नाही. सिस्टर गेटवर आल्या. म्हणाल्या, मशीन चांगली आहेत, शिकायला मिळतं. मग म्हणाल्या, काल रात्री आम्ही दोघी होतो, पेशंट सव्वीस. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयासाठी ५ पेशंटमागे १ नर्स असा आहे.

(पडद्यावर: द्वारका चौकातले होर्डिंग, चालत्या गाडीतून.)

एका गल्लीतला व्यवहार एवढाच. वरच्या पातळीवर खरेदी-विक्री फार मोठी आहे. पुण्यात एका न्यूरोसर्जननं उभा केलेला सह्याद्री हॉस्पिटल समूह, ज्याचं रुग्णालय नाशिकमध्येही आहे, २०१९ मध्ये एव्हरस्टोन या गुंतवणूक कंपनीकडे गेला, २०२२ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे, आणि २०२५ मध्ये मणिपाल हॉस्पिटल्सनं तो घेण्याचा करार केला. अशा मोठ्या व्यवहारांना स्पर्धा आयोगाची मंजुरी लागते. २२ खाटांचा दवाखाना विकला गेला तर तिथे कागदही जात नाही. असे दहा विकले गेले तरी नाही.

परिणाम काय होतात, ते बाहेरच्या देशांनी मोजलंय. अमेरिकेत विकत घेतल्या गेलेल्या २४६ रुग्णालयांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू आणि पुन्हा भरती होण्याचं प्रमाण सुधारलं नाही, पेशंटचा अनुभव थोडा खालावला. तिथेच, विलीनीकरणानं जिथे स्पर्धा फार आटली, तिथे चार वर्षांनी नर्स आणि औषधनिर्मात्यांचे पगार एरवी असते त्यापेक्षा सुमारे ७ टक्के कमी भरले. इंग्लंडमध्ये १९९७ ते २००६ या काळात २२३ पैकी ११२ रुग्णालयं विलीनीकरणांत सापडली. प्रतीक्षा याद्या घटल्या नाहीत.

(पडद्यावर: माळा. लाल कापडात बांधलेले केस पेपरचे गठ्ठे खाली उतरतात. धूळ. रिसेप्शनच्या बाकावर गठ्ठ्यांची रांग.)

आणि हे केस पेपर. यांना स्टिकर नाही. नियमाप्रमाणे आंतररुग्णांची कागदपत्रं ३ वर्षं ठेवावी लागतात. त्याआधीची समूहाला नको आहेत, तिकडे प्रत्येकाला नवा नंबर मिळणार. रद्दीवाला दोनदा येऊन गेला. मॅडमनी त्याला परत पाठवलं.

या कागदांत कुणाला कोणतं इंजेक्शन सोसत नाही, ते आहे. कुणाचं पहिलं बाळंतपण कसं अडलं होतं, ते आहे. एका कागदाच्या मागे पेन्सिलीनं घराचा रस्ता काढलाय, वणीच्या अलीकडे डावीकडे, मारुतीच्या देवळापाशी. बहुधा रात्री कुणीतरी निरोप पोचवायला गेलं असणार.

रिसेप्शनिस्टनं नंबर शोधून एकेकाला फोन लावायला घेतलाय. बरेच नंबर बंद आहेत. काहींना वाटतं, जुनं बिल मागायला फोन केला. कळवणची एक बाई मात्र सकाळीच एसटीनं आली, आपला आणि मुलीचा असे दोन कागद घेऊन गेली. मुलगी आता सात महिन्यांची गरोदर आहे.

(पडद्यावर: रिसेप्शन. अर्ध्याहून जास्त गठ्ठे अजून बांधलेले. खिडकीबाहेर नव्या बोर्डाची वायरिंग चालू. प्रत्यक्ष आवाज.)

“हॅलो, दवाखान्यातून बोलतेय. नाही, नाही, पैसे नाही मागत. तुमचे कागद आहेत इथे. शनिवारपर्यंत येता येईल का?”