चार दिवसांची यादी

आपल्या महापालिका आजही 'अंदाजपत्रक' मांडतात आणि राज्य सरकार 'अर्थसंकल्प' मांडतं. वस्तू एकच, पण एका शब्दात अंदाज आहे आणि दुसऱ्यात संकल्प. सॉफ्टवेअरच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला वाटतं, आमची निम्मी भांडणं या दोन शब्दांमधल्या फटीत होतात. आम्ही अंदाज सांगतो, समोरचा संकल्प ऐकतो. आणि खरं सांगायचं तर, सांगताना आम्हालाही तो संकल्पच वाटू लागतो.

एका पतसंस्थेचं काम करत होतो. मागण्यांच्या कागदावर एक ओळ होती: 'थकबाकीदारांची यादी दिसावी.' मी पुढे लिहिलं, चार दिवस. यादीच तर आहे! कर्जखात्यांवर एक क्वेरी (म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते काढून देणारी आज्ञा), वर संस्थेचं नाव, खाली बेरीज, प्रिंट. चार दिवस मी सढळ हातानेच दिले होते.

पाचव्या दिवशी यादी घेऊन वसुलीच्या क्लार्कसमोर बसलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, लाल पेन्सिल घेतली आणि पहिल्याच पानावरची अकरा नावं खोडली. "साहेब, ही माणसं थकबाकीत नाहीत. यांची कपात उसाच्या बिलातून येते. कारखान्याने बिल उशिरा काढलं तर यांचा काय दोष?" मग ड्रॉवरमधून एक वही निघाली. अर्धाच हप्ता भरलेले एका पानावर. मयत खातेदार दुसऱ्या पानावर, समोर जामीनदाराचं नाव आणि त्याच्या मुलाचा फोन नंबर. कोर्टात गेलेली खाती शेवटी, वेगळ्या शाईने. शिवाय थकबाकी कोणत्या तारखेची? क्लार्कना आजची हवी, चेअरमनना ३१ मार्चची. यादी पुरी व्हायला पाच आठवडे लागले.

आता बघा, कोड लिहायला जवळपास चारच दिवस गेले होते. माझा हिशेब बरोबर होता, फक्त तो वेगळ्याच कामाचा होता. ज्या कामाला पाच आठवडे लागले, ते त्या वहीत होतं, आणि ती वही आहे हेच मला माहीत नव्हतं. क्लार्कनाही कधी कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

अमेरिकन सॉफ्टवेअर-तज्ज्ञ बॅरी बोएम यांनी १९८१ साली ही गोष्ट आकड्यांत मांडली. काम नुसतं कल्पनेत असताना केलेला अंदाज दोन्ही बाजूंनी चौपटीपर्यंत चुकू शकतो, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे तुम्ही सहा महिने म्हणालात, तर खरं उत्तर दीड महिना ते दोन वर्षं यात कुठेही असू शकतं. निर्णय होत जातात तशी ही रुंदी कमी होते. पुढे याला 'अनिश्चिततेचा शंकू' हे नाव पडलं. पण तो शंकू कॅलेंडरची पानं उलटल्याने अरुंद होत नाही. कुणीतरी वही उघडावी लागते.

"मग वाईटात वाईट धरून चला ना," असं लोक म्हणतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळं बिघडलं तर? ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. आपल्या कल्पनेतलं संकटसुद्धा शहाण्यासारखं वागतं!

म्हणून मी आधी दुसऱ्यांचा जुना हिशेब बघतो. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या नव्या विमानतळावरची, प्रवाशांचं सामान आपोआप वाहून नेणारी यंत्रणा घ्या. जर्मनीतल्या म्युनिक विमानतळाच्या त्याहून सोप्या यंत्रणेला दोन वर्षं आणि वर सहा महिने अखंड चाचणी लागली होती. हे समोर असताना डेन्व्हरला १९९२ साली जेमतेम दोन वर्षांत सगळं करायचं ठरलं, आणि काम चालू असताना विमान कंपन्यांच्या नव्या मागण्या येत राहिल्या. ऑक्टोबर १९९३ मध्ये उघडायचा विमानतळ २८ फेब्रुवारी १९९५ ला उघडला. यंत्रणा जेवढी चालली तेवढीही २००५ मध्ये बंद केली.

हल्ली मी गिऱ्हाइकाला दोन आकडे देतो, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, आणि सोबत दोन आठवडे मागतो. पैसे घेऊन मागतो, फुकटात मागितलेल्या दोन आठवड्यांना कुणी किंमत देत नाही. त्या दोन आठवड्यांत एकच काम आरपार करतो: एक कर्ज, एक हप्ता, एक पावती, आणि ती पावती रोज फाडणारा माणूस शेजारी बसवतो. मग आकडे पुन्हा सांगतो. कधी ते वाढतात. तेव्हा समोरच्याचा चेहरा पडतो, पण दोन आठवड्यांनी पडलेला चेहरा आठ महिन्यांनी पडलेल्यापेक्षा सावरता येतो.

यावर एक प्रश्न हमखास येतो की साहेबांना दोन आकडे चालत नाहीत, एकच हवा असतो, तेव्हा काय करायचं. मी विचारतो, "हा आकडा तुम्ही कुठे लिहिणार?" संचालक मंडळाच्या ठरावात लिहिणार असतील तर मोठा आकडा देतो. डायरीत लिहिणार असतील, तर म्हणतो, शिसपेन्सिलीने लिहा, मी शुक्रवारी परत येतो.