नारंग ते ओरांजो

(दृश्य: कळमना बाजार. मृग बहाराचा माल, संत्र्यांचे ढीग.)

नागपुरात फळाला म्हणतात संत्रा, त्याच्या रंगाला मात्र नारिंगी. संस्कृतात हे नारंग. त्यामागचं मूळ बहुधा द्राविडी. फारसीत नारंग, अरबीत नारंज. अरबांनी कडू नारिंग सिसिलीत आणि स्पेनमध्ये नेलं, सोबत नावही गेलं. स्पॅनिश 'नारांखा'नं सुरुवातीचा न जपला. इटालियनमध्ये 'ऊना नारांचा' म्हणताना दोन न लागोपाठ आले, त्यातला एक गळला आणि उरलं 'आरांचा'.

(दृश्य: लॅटिन हस्तलिखित)

प्राचीन रोमनांकडे हे फळच नव्हतं, मग शब्द कुठून असणार? त्यांचं 'सिट्रुस' महाळुंगाचं. मध्ययुगात लॅटिन लिहिणाऱ्या पंडितांना सोनं, म्हणजे 'आउरुम', आठवलं आणि 'आउरांतियुम' तयार झालं. व्युत्पत्ती चुकीची, पण देखणी! लिनिअसनं 1753 मध्ये 'सिट्रुस आउरांतियुम' हे नाव वनस्पतिशास्त्रात रुजवलं. आपला संत्रा मात्र 'सिट्रुस रेटिक्युलाटा'. 'रेटे' म्हणजे जाळं. सोललेल्या फोडींवरच्या पांढऱ्या शिरा पाहिल्या की नाव पटतं.

(दृश्य: पडद्यावर दोन शब्द शेजारीशेजारी)

आता मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषांकडे. झामेनहॉफनं रचलेली एस्पेरांतो 1887 ची. तिच्यात 'ओरांजो', शेवटचा ओ नामाची खूण, आणि ज 'जीव'मधला. रोमन लिपीत या ज साठी जी अक्षरावर टोपी लागते, आणि छापखान्यांत तो खिळा सहसा नसायचा. 1907 मध्ये पुढे आलेल्या इदोनं, म्हणजे एस्पेरांतोच्याच सुधारित रूपानं, टोप्याच काढल्या, साधं जे अक्षर घेतलं. तिथं उच्चार घासून येतो, 'ओरांझो'च्या जवळचा. अनेकवचन एस्पेरांतोत 'ओरांजोय', इदोत 'ओरांझी'. रंग सांगायला इदोत वेगळा प्रत्यय आहे, म्हणून 'ओरांझेआ'.

नागपुरी संत्र्याला 'ओरांजो' म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोसंबीसारखं घट्ट सालीचं फळ येतं. सुटी साल हवी तर 'मांदारिनो' म्हणावं. हे नाव पोर्तुगीज आणि मलय वाटेनं मागे नेलं, की थेट संस्कृत 'मंत्रिन्'पाशी पोहोचतं.

(दृश्य: काटोलची बाग)

झाडापाशी खरी गफलत होते. एस्पेरांतोत 'उय' हा प्रत्यय भांड्यालाही लागतो, झाडालाही. 'ओरांजुयो' म्हणजे टोपली की झाड? म्हणून बरेच जण सरळ 'ओरांजार्बो' म्हणतात, 'आर्बो' म्हणजे झाड. इदोत झाडाचा प्रत्यय 'इएर', भांड्याचा 'उय'. झाड 'ओरांझिएरो', टोपली 'ओरांझुयो'.