ब्रॉडवेवर नाटक टिकतं कशावर?

[दृश्य : न्यूयॉर्क, वेस्ट ४४वा रस्ता. मॅजेस्टिक थिएटरची दर्शनी पाटी. रात्र.]

१६ एप्रिल २०२३. मॅजेस्टिक थिएटरात 'द फँटम ऑफ द ऑपेरा'चा १३,९८१वा प्रयोग सुरू आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी साधारण टनभर वजनाचं झुंबर छतापासून सुटतं आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून तिरकं घसरत रंगमंचावर येऊन थांबतं. २६ जानेवारी १९८८ ला अधिकृत शुभारंभ झाला, तेव्हापासून ते असंच पडत आलंय. उद्यापासून पडणार नाही. ब्रॉडवेच्या इतिहासात सर्वाधिक प्रयोग झालेलं नाटक आज बंद होतंय.

शेवटच्या दिवसांत या नाटकाचा आठवड्याचा गल्ला ३० लाख डॉलरांच्या पुढे गेला होता. मग बंद का केलं?

कारण हा गल्ला बंद होण्याच्या बातमीने आणला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये निर्मात्यांनी १८ फेब्रुवारी ही शेवटची तारीख जाहीर केली. तिकिटांवर झुंबड उडाली, म्हणून मुदत आठ आठवड्यांनी वाढवली. त्या घोषणेआधीची परिस्थिती वेगळी होती. नाटक एक आठवडा चालवायचा खर्च साडेनऊ लाख डॉलरांच्या आसपास गेला होता आणि काही आठवड्यांत गल्ला त्याच्या खाली राहत होता. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसलेले २७ वादक, शेकडो पोशाख, झुंबर, धुक्यातली नाव. प्रेक्षक ज्यासाठी यायचे, त्याच गोष्टींचं बिल दर आठवड्याला येत होतं.

ब्रॉडवेवर नाटकाचं आयुष्य ठरतं ते गल्ला आणि खर्च यांच्यातल्या या अंतरावर. गल्ला किती, हा अर्धाच प्रश्न आहे.

[दृश्य : आकड्यांचा तक्ता. एकेक रकाना उजळत जातो.]

ब्रॉडवे म्हणजे मॅनहॅटनमधली ४१ थिएटरं, प्रत्येकी किमान ५०० खुर्च्यांची. बहुतेक सगळी टाइम्स स्क्वेअरच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत आहेत. नाटकाचे आठवड्याला आठ प्रयोग होतात. रविवारी रात्री आठवडा संपला की निर्माते आणि थिएटरमालक यांची संघटना, ब्रॉडवे लीग, प्रत्येक नाटकाचे आकडे जाहीर करते. हे आकडे बातमीत येतात तेव्हा फक्त पहिला रकाना वाचला जातो, एकूण गल्ला. जाणकाराची नजर आधी सरासरी तिकिटावर जाते.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. थिएटर ११०० खुर्च्यांचं, आठ प्रयोग, म्हणजे आठवड्याला ८,८०० तिकिटं. नाटक उभं करायला १ कोटी २० लाख डॉलर लागलेत. पगार, भाडं, जाहिरात, दिवे आणि ध्वनियंत्रणेचं भाडं, विमा असा आठवड्याचा ठरलेला खर्च ६ लाख. त्याशिवाय लेखक, संगीतकार, दिग्दर्शक यांचं मानधन, थिएटरमालकाचा वाटा, कार्डाचं कमिशन ही सगळी टक्केवारी. ती आपण गल्ल्याच्या १५ टक्के धरू.

सरासरी तिकीट १०० डॉलर असेल आणि सगळी खपली, तर गल्ला ८ लाख ८० हजार. टक्केवारीचे १ लाख ३२ हजार आणि खर्चाचे ६ लाख गेले, उरले १ लाख ४८ हजार. या वेगाने भांडवल फिटायला सुमारे ८१ आठवडे लागतात, म्हणजे दीड वर्षाहून जास्त.

आता सरासरी ८० डॉलरवर आणा. प्रत्येक खुर्ची भरलेलीच आहे. गल्ला ७ लाख ४ हजार, टक्केवारी १ लाख ५ हजार ६००, खर्च ६ लाख. हातात उणे १,६०० डॉलर. दाराबाहेर हाऊसफुल्लची पाटी, आणि आत नाटक तोट्यात.

म्हणून 'उपस्थिती ९५ टक्के' या आकड्यावर भाळू नये. टाइम्स स्क्वेअरलगतच्या डफी स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांखाली १९७३ पासूनची तिकीटखिडकी आहे, त्याच दिवसाची तिकिटं सवलतीत, काही निम्म्या किमतीत विकणारी. रिकामी खुर्ची भरायला ती उत्तम. पण निम्मं थिएटर रोज त्या खिडकीवरून भरू लागलं, तर सरासरी कोसळते आणि पूर्ण किंमत देणारा प्रेक्षकही सवलतीची वाट पाहायला लागतो.

तक्त्यात न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. या आठवड्याचा गल्ला म्हणजे या आठवड्यात झालेल्या प्रयोगांची तिकिटं. ती कदाचित चार महिन्यांपूर्वी विकली गेली असतील. निर्माता रोज रात्री दुसरा आकडा मागतो : आज दिवसभरात पुढच्या सगळ्या प्रयोगांची मिळून किती विक्री झाली? या आकड्याला तिथे 'रॅप' म्हणतात आणि तो जाहीर होत नाही. गल्ला भरघोस आणि रॅप रोज घसरतोय, याचा अर्थ नाटक जुन्या बुकिंगवर जगतंय. बाहेरच्यांना 'अचानक' बंद झाल्यासारखी वाटणारी नाटकं आतल्या मंडळींना बहुतेक वेळा आधीच दिसलेली असतात.

[दृश्य : ४२वा रस्ता. रंगमंचाच्या वर ताणलेल्या दोऱ्या.]

मोठा गल्ला आणि मोठा तोटा एकाच नाटकात पाहायचा असेल, तर 'स्पायडर-मॅन : टर्न ऑफ द डार्क' पाहा. भांडवल साडेसात कोटी डॉलर, ब्रॉडवेवरचा तेव्हाचा विक्रम. कलाकार प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडायचे. दोऱ्या अडकायच्या, प्रयोग मध्येच थांबायचे, कलाकार जखमी झाले. शुभारंभाआधीचे पूर्वप्रयोग तब्बल १८२ झाले. मधेच दिग्दर्शिका ज्युली टेमर यांना बाजूला व्हावं लागलं. 'द लायन किंग' ज्यांनी ब्रॉडवेवर उभं केलं, त्याच या. अखेर १४ जून २०११ ला नाटक उघडलं, आणि त्याच वर्षीच्या नाताळ-नववर्षाच्या आठवड्यात त्याने २९ लाख डॉलरांहून अधिक गल्ला केला. त्या दिवसापर्यंत ब्रॉडवेवर कुणीच एका आठवड्यात तेवढा केला नव्हता.

पण नाटक चालवायचा खर्चच आठवड्याला १० लाखांच्या वर होता. नाताळचा आठवडा वर्षातून एकदा येतो. उत्साह ओसरला, गल्ला खर्चाच्या पातळीवर आला आणि ४ जानेवारी २०१४ ला, हजाराहून थोडे जास्त प्रयोग करून, नाटक थांबलं. गुंतवणूकदारांचं नुकसान सुमारे ६ कोटी डॉलर.

आता वेस्ट ४९व्या रस्त्यावर चला.

[दृश्य : अँबॅसडर थिएटर. काळा रंगमंच, सोनेरी चौकट, तिच्यात पायऱ्यापायऱ्यांवर बसलेले वादक.]

'शिकागो'. सध्याची आवृत्ती १४ नोव्हेंबर १९९६ ला उघडली. १९७५ ची मूळ निर्मिती ९३६ प्रयोगांवर थांबली होती. ही आज ब्रॉडवेवर सुरू असलेल्या नाटकांत सर्वांत जुनी आहे. नेपथ्य नीट बघा. एक सोनेरी चौकट आहे, तिच्यात वाद्यवृंद, बाजूला शिड्या, काही खुर्च्या. कलाकार काळ्या कपड्यांत. वर-खाली होणारे मजले नाहीत, फिरता रंगमंच नाही. एका मैफलीवजा प्रयोगातून ही निर्मिती जन्मली आणि तिने आपला साधेपणा सोडला नाही. वादक 'फँटम'च्या निम्म्याच्या आसपास.

या साधेपणाचा दुसरा फायदा पात्रनिवडीत. रॉक्सी हार्ट किंवा बिली फ्लिनच्या भूमिकेत काही आठवड्यांसाठी एखादा प्रसिद्ध चेहरा आणता येतो. २००६ मध्ये गायक अशर आला, २०२२ मध्ये पामेला अँडरसन आठ आठवड्यांसाठी आल्या. गल्ला चढतो, ते गेले की उतरतो, पण खर्चाचा पायाच खाली असल्यामुळे उतरलेल्या गल्ल्यावरही नाटक तगतं. मोठ्या निर्मितीला तेवढ्या पडझडीत प्रयोग बंद होण्याची नोटीस लावावी लागली असती. आणखी एक हुशारी म्हणजे थिएटर बदलत जाणं. रिचर्ड रॉजर्सहून शुबर्ट, तिथून २००३ मध्ये सुमारे ११०० खुर्च्यांचं अँबॅसडर. मागणी कमी होणार हे ओळखून लहान घरात जाणं फार थोड्यांना वेळेवर सुचतं.

घराचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू, कारण मराठी प्रेक्षकाला तो लवकर लक्षात येत नाही. आपलं नाटक तारखांवर चालतं. आज शिवाजी मंदिर, उद्या गडकरी रंगायतन. ब्रॉडवेचं नाटक एकाच थिएटरात मुक्काम ठोकून बसतं आणि मालकाला भाड्याबरोबर गल्ल्यातला हिस्साही देतं. करारात एक कलम असतं : गल्ला सलग दोन आठवडे ठरलेल्या आकड्याखाली गेला, तर मालक जागा सोडायला सांगू शकतो. एखादा निर्माता अशा वेळी स्वतःच्या खिशातून तिकिटं विकत घेऊन आकडा राखतो. पैसा या खिशातून त्या खिशात, वर टक्केवारी जाते.

'बीटलजूस' विंटर गार्डन थिएटरात एप्रिल २०१९ मध्ये उघडलं. परीक्षणं संमिश्र, सुरुवात सुस्त, आणि गल्ला त्या कलमाच्या आकड्याखाली गेला. पुढे समाजमाध्यमांवर तरुणांनी गाणी उचलून धरली, आठवड्याचा गल्ला १० लाखांच्या पार गेला. तोवर उशीर झाला होता. मालकांनी ते थिएटर ह्यू जॅकमनच्या 'द म्युझिक मॅन'ला देऊन टाकलं होतं. प्रेक्षक वाढत असताना नाटकाला बिऱ्हाड हलवायची तारीख मिळाली, आणि त्याआधीच मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सगळा ब्रॉडवे बंद पडला. २०२२ मध्ये मार्की थिएटरात ते पुन्हा उभं राहिलं आणि जानेवारी २०२३ मध्ये थांबलं.

[दृश्य : जानेवारीतला टाइम्स स्क्वेअर. कडेला घाण झालेला बर्फ.]

जानेवारी हा ब्रॉडवेचा कसोटीचा महिना. २०१८-१९ च्या हंगामात ६५ टक्के प्रेक्षक पर्यटक होते. नाताळला ते येतात, काही नाटकं नऊ प्रयोग लावतात. 'विकेड'ने २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात नऊ प्रयोगांत ५० लाख डॉलर ओलांडले. मग शहर रिकामं होतं. निर्माते नाताळची कमाई पदरात पाडून पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नाटक उतरवतात. मुंबईच्या चित्रपटसृष्टीवरचं, ए. आर. रहमान यांच्या संगीताचं 'बॉम्बे ड्रीम्स' एप्रिल २००४ मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि २८४ प्रयोगांनंतर १ जानेवारी २००५ ला उतरलं. लंडनमध्ये ते दोन वर्षं चाललं होतं.

किमतीचा खेळ 'द लायन किंग'इतका शांतपणे कुणी खेळला नाही. २०१३ मध्ये इतर काही नाटकांची सर्वांत महाग तिकिटं चारशे डॉलरांच्या वर होती, यांचं २२७. तरीही वार्षिक कमाईत ते पहिलं आलं. मोजक्या खुर्च्यांना सोन्याचा भाव लावण्याऐवजी त्यांनी संगणकावर मागचा हिशेब पाहून सगळ्याच खुर्च्यांचे दर वार आणि हंगामानुसार थोडे थोडे हलवले. मंगळवारची मागची रांग स्वस्त, नाताळची तीच रांग महाग. कुटुंबाला चार तिकिटं परवडत राहिली, सरासरीही वाढली. नोव्हेंबर १९९७ पासून हे नाटक सुरू आहे.

[दृश्य : पुन्हा मॅजेस्टिक. पाटी उतरवलेली, मचाण बांधलेलं.]

मॅजेस्टिक थिएटर 'फँटम' गेल्यानंतर दुरुस्तीसाठी बंद राहिलं. सोळाशेहून अधिक खुर्च्या, पस्तीस वर्षं एकच भाडेकरू. १९ डिसेंबर २०२४ ला तिथे अभिनेत्री ऑड्रा मॅकडोनल्ड यांची 'जिप्सी' उघडली. कलाकार अव्वल, वाद्यवृंद मोठा, परीक्षणं चांगली. मुक्काम ऑक्टोबर २०२५ पर्यंत जाहीर होता. शेवटचा प्रयोग १७ ऑगस्टलाच झाला.