वैरण, साखर आणि वळिवडे

श्रोतेहो, नमस्कार.

युद्धावर बोलायचं तर सुरुवात तलवारीपासून करायचा रिवाज आहे. मी आज उंदरापासून करणार आहे.

शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे, १६७० च्या दशकातलं. चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं. घोडदळ छावणीला उतरलंय, पावसाळा काढायचाय. पत्रात लढाईची बात जवळजवळ नाहीच. महाराज बजावतात की दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या दारात जाल. कुणी दाणा उचलेल, कुणी भाकरी, कुणी लाकूड, कुणी भाजीपाला. तसं झालं की रयतेला वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरा. आणि मग येतो तो उंदीर. रात्री दिवे तसेच ठेवून झोपलात, उंदरानं पेटती वात ओढून नेली, गवताला आग लागली, तर एका रात्रीत सगळी पागा बुडाली म्हणून समजा.

एवढा मोठा सेनापती उंदराची आणि कुणब्याच्या भाजीची काळजी करतो, ती का, हे आपल्या भागातल्या माणसाला फार समजावून सांगायला नको. ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत त्याला विचारा, वाडं संपलं आणि कडबा महागला की काय होतं. आता हाच हिशेब फौजेला लावू. एका घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो वैरण धरली तर पाच हजार घोड्यांना रोज चाळीस-पन्नास टन लागणार. शिवाय तोफा ओढणारे बैल, सामानाचे उंट, आणि त्यांच्यामागून चालणारी माणसं.

१६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला तो उन्हाळ्याच्या तोंडाला आणि महाराज निसटले ते जुलैत, भर पावसात. पुढची घोडखिंडीतली कथा, बाजीप्रभूंची, कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असते. पण गडाखाली हजारोंची फौज चार महिने बसून होती. ती काय खात होती, कुणाच्या शिवारातलं खात होती? गडावर निदान अंबरखाना होता, गंगा-यमुना-सरस्वती अशी नावं असलेली धान्याची कोठारं आजही उभी आहेत. खालच्या वाड्यावस्त्यांना असला अंबरखाना कुठला? पोवाड्यात वैरणीचा हिशेब येत नाही, आणि येऊही नये, पोवाड्याचं काम निराळं आहे. इतिहास वाचताना मात्र तो मागावा.

जगात सगळीकडे फौजा अशाच पोसल्या गेल्या. मोगल फौजांना बैलांच्या पाठीवरून धान्य पुरवणारे बंजाऱ्यांचे तांडे होते म्हणून थोडं तरी निभावलं. युरोपात १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षं जर्मन मुलखात लढाया चालल्या. फौज ज्या गावात शिरेल तिथलं खायची, आणि ती निघून गेली की पेरायला बी उरायचं नाही. त्यापाठोपाठ प्लेग-टायफससारखी रोगराई. काही प्रांतांत निम्म्याहून जास्त माणसं गेली आणि त्यातली बहुतेक गोळीनं मेलीच नाहीत. हे सूत्र फार काळ टिकलं. १८५० च्या दशकातल्या क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिशांची सुमारे एकवीस हजार माणसं मेली, त्यातली सोळा हजार रोगानं. म्हणजे शत्रूनं मारली त्याच्या कितीतरी पट जास्त छावणीतल्या घाणीनं मारली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी हे आकडे राज्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर धरले, त्यातून इस्पितळांची शिस्त आली.

आपल्याकडचा हिशेब बघा. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून परदेशी गेलेल्या जवानांपैकी सुमारे चौऱ्याहत्तर हजार परत आले नाहीत. आपल्या जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे, तेव्हा अशा आकड्यामागं काय असतं हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. पण १९१८ च्या जूनमध्ये जहाजांबरोबर मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा उतरला. रेल्वेनं तो देशभर पसरला आणि एक कोटीहून जास्त माणसं घेऊन गेला. ज्यांनी फ्रान्स कधी ऐकलाही नव्हता अशी माणसं. त्यांची नावं कुठल्या स्मारकावर नाहीत. कोरायची म्हटली तरी दगड पुरायचा नाही.

आता साखरेचं सांगतो. ऊसवाल्यांच्या जिल्ह्यात बोलतोय, साखरेवाचून सुटका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज आणि नेपोलियन यांनी एकमेकांचा समुद्री व्यापार तोडायचा चंग बांधला. कॅरिबियन बेटांवरून येणारी उसाची साखर फ्रान्सला मिळेना. बीटातून साखर निघते हे जर्मनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी आधीच दाखवलेलं होतं, पण उसापुढं तिला कोण विचारणार? नेपोलियननं १८११ मध्ये हुकूम काढून हजारो हेक्टरवर बीट लावायला लावलं. नेपोलियन गेला, बीट राहिलं. आज जगाच्या बाजारात आपल्या साखरेशी झुंजणारी जी बीटाची साखर आहे तिचं नशीब त्या नाकेबंदीनं उघडलं.

आणि उसाला टाकतो तो युरिया, तो बनतो अमोनियापासून. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायची रीत फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञानं शोधली, १९१३ मध्ये तिचा कारखाना सुरू झाला. वर्षभरात महायुद्ध पेटलं. चिलीहून येणारा सोरा ब्रिटिश आरमारानं अडवला, तेव्हा जर्मनीनं याच अमोनियापासून स्फोटकं बनवली. तोच हाबर १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर क्लोरिन वायू सोडायच्या कामावर जातीनं देखरेख करत होता. त्याला १९१८ सालचं नोबेल मिळालं ते अमोनियासाठी. आज जगातली निम्मी माणसं या रीतीनं बनलेल्या खतावर जगतात असा अंदाज आहे. अशी उदाहरणं देऊन युद्धामुळं प्रगती होते असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. बीटाची साखर आणि अमोनिया दोन्ही युद्धाआधीच प्रयोगशाळेत निघालेले होते. युद्धानं फक्त घाई केली, आणि त्या घाईची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

आता आपल्या पायाखालच्या मातीकडे येऊ. कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर वळिवडे आहे. तिथं दुसऱ्या महायुद्धात पोलंडची माणसं राहत होती, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे, नव्यांना बहुधा नाही.

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत फौजा चालून आल्या. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना १९४० पासून मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं. सामान बांधायला वेळ मिळाला तो घटका-दोन घटकांचा. पुढं १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तशी रशियाला पोलंडची गरज पडली आणि या लोकांना मोकळं केलं. १९४२ मध्ये त्यातले लाखभर कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचले, उपासमारीनं आणि तापानं खंगलेले. पुरुष बहुतेक फौजेत गेले. बायका, म्हातारी माणसं, अनाथ पोरं यांना ठेवायचं कुठं? काही आफ्रिकेत गेली. काही मुलांना गुजरातेतल्या नवानगर संस्थानच्या राजांनी, जामसाहेबांनी, बालाचडीला आसरा दिला. आणि सुमारे पाच हजार जण १९४३ पासून कराचीमार्गे वळिवड्याला आले.

कोल्हापूर संस्थानात लांबलचक बराकींचं एक पोलिश गावच उभं राहिलं. शाळा, चर्च, दवाखाना, स्काउटची पथकं, नाटकं. बर्फातून आलेल्या पोरांनी इथला वैशाख आणि इथला पाऊस, दोन्ही सोसलं. काहीजण इथंच वारले, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. महावीर उद्यानात या मंडळींचा स्मृतिस्तंभ आहे. रोज सकाळी कितीतरी माणसं फिरायला जातात तिथं, किती जण थांबून वाचतात कोण जाणे.

१९४५ ला युद्ध संपलं. पोलंड जिंकलेल्या बाजूला होता, तर मग यांनी घरी जायचं की नाही? तिथंच तर मेख आहे. बड्या राष्ट्रांनी नकाशा नव्यानं आखला आणि पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला. घर होतं तिथंच, गाव होतं तिथंच, देश तेवढा बदलला होता. छावणीतले बरेच जण मग इंग्लंडला गेले, काही आणखी दूर. १९४८ पर्यंत वळिवड्याच्या बराकी रिकाम्या झाल्या.

आणि लगेच भरल्याही. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत राहायला आली. हीसुद्धा बहुतेक कराचीहूनच. यांचंही गाव जिथल्या तिथं होतं, फक्त आता ते पाकिस्तानात होतं. एका छपराखाली, एकामागोमाग, अशी दोन माणसं झोपली ज्यांची एकमेकांशी भाषा जुळली नसती, पण रेशनचं कार्ड, रांग आणि परत जाता न येणं सगळं जुळलं असतं. युद्धानं आणि फाळणीनं समाजाचं काय होतं यावर जाडजूड ग्रंथ आहेत. मला विचाराल तर त्या बराकींचा भाडेकरू बदलला, त्या वर्षाकडे आधी बघावं.

त्या वस्तीचं नाव गांधीनगर पडलं. हातात काही नसताना आलेल्या त्या कुटुंबांनी कापडाचा धंदा धरला, आणि आज पश्चिम महाराष्ट्रातून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनसुद्धा लोक लग्नाचा बस्ता बांधायला तिथं येतात. येत्या लग्नसराईत तुमचंही जाणं होईलच. दुकानदार वयस्कर असला तर साड्यांचा ढीग उलगडेपर्यंत एवढं जरूर विचारा, तुमच्या घरच्यांनी आल्या आल्या कुठल्या बराकीत चूल मांडली होती?

नमस्कार.